रात्रपाळीत मुलगा आवरत नाही, तर बांधून ठेवायचं का?

प्रश्न विचारणाऱ्यानं आपलं नाव दिलेलं नाही, संस्थेचंही नाही, आणि ते बरंच केलंय. मजकूर थोडक्यात असा. सोलापुरात राहणारा एक तरुण निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात तिथं) कंत्राटी काळजीवाहक म्हणून नुकताच लागलाय. रात्रपाळीला तो एकटा असतो. सोळा वर्षांचा एक मुलगा आहे, घरी तेलुगू बोलणारा, येऊन पाचच दिवस झालेत. रात्रीच्या जेवणानंतर तो बिथरतो, भिंतीवर डोकं आपटतो, मध्ये येईल त्याच्या अंगावर धावतो. जुने कर्मचारी त्याचे हात पंचानं खिडकीच्या गजाला बांधतात आणि झोप लागली की सोडतात. ‘त्याच्याच भल्यासाठी’ म्हणतात. हे कायद्यात बसतं का? बसत नसेल तर एकट्या माणसानं काय करायचं? आणि तारखेला नेताना पोलिसांनी बेड्या घातल्या तर चालतं का? शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘त्याचे हात सारखे थरथरतात, आणि भिंतीवरून किडे चाललेत असं म्हणतो.’

ही शेवटची ओळ खरं तर पहिली असायला हवी होती. बाकीचं उत्तर उद्या वाचलं तरी चालेल, त्या मुलाला आत्ता सिव्हिलला न्या. वाहन नसेल तर १०८ ला फोन लावा.

मी डॉक्टर नाही. परिविक्षा अधिकारी म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. पण नव्यानं आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात रात्री थरथरायला लागतो, घामानं भिजतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसायला लागतात, तेव्हा बहुतेक वेळा बाहेरची नशा एकदम तुटलेली असते. आपल्याकडं शिंदीत क्लोरल हायड्रेटसारखी पावडर मिसळली जाते हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. त्याच्या जोडीला झोपेच्या गोळ्या, नशेसाठी हुंगलं जाणारं सोल्युशन, व्हाइटनर. दारूची किंवा अशा गुंगी आणणाऱ्या औषधांची सवय झालेल्या शरीराला ती अचानक मिळेनाशी झाली की फिट येऊ शकते, भ्रम होतो, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. अशा मुलाला गजाला बांधलं की तो सगळ्या ताकदीनिशी ओढत राहतो, अंगातलं पाणी जातं, ताप चढतो. फिट आलीच तर बांधलेल्या हातांचा खांदा निखळतो, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. नशा नसली तरी दुसरं काही असू शकतं. फिट येऊन गेल्यावर मुलं काही वेळ गोंधळलेली असतात, त्या वेळी कुणी पकडलं की जोरात झटापट करतात आणि नंतर त्यांना त्यातलं काही आठवत नाही. एका मुलाचं डोकं आपटणं कानातला पू काढल्यावर थांबलेलं मी पाहिलंय. शिस्तीचा प्रश्न म्हणून सगळे त्याच्यावर ओरडत होते.

दवाखान्यात न्यायला बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं जिथं चालतात त्या मंडळाच्या, आदेशाची वाट बघायची नसते. अधीक्षकांना फोन करा, मुलाला न्या आणि मंडळाला लगेच लेखी कळवा. पुढं लांबलचक उपचार लागणार असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९२ आणि ९३ मध्ये मुलाला योग्य ठिकाणी हलवण्याचे अधिकार मंडळाला आहेत. व्यसनामुळं वागणं बदललेल्या मुलाचा उल्लेख कलम ९३ मध्ये स्पष्टपणे आहे. तेव्हा ‘आम्ही काय करणार, आमच्याकडं पाठवलाय’ हे उत्तर खरं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो.

बांधणं कायद्यात बसत नाही. पंचा मऊ होता, गाठ सैल होती, दहाच मिनिटं बांधलं, यातल्या कशानंही ते बसत नाही. हातांनी धरून ठेवणं मात्र प्रसंगी बसू शकतं, तेही फार थोड्या वेळासाठी आणि एकाच कारणासाठी: आत्ता या क्षणी त्याला किंवा दुसऱ्या कुणाला गंभीर इजा होणार आहे आणि दुसरा कुठलाच उपाय उरलेला नाही.

नव्या लोकांना हा फरक पटत नाही. शेवटी दोन्हीत हातच अडकवायचे ना, असं त्यांचं म्हणणं. पण धरणाऱ्या माणसाला तिथून हलता येत नाही. मुलाचा श्वास, घाम, थरथर त्याला स्वतःच्या हाताला कळत असते. त्याचे हात भरून येतात, आणि कधी एकदा सोडता येईल याची तोही वाट बघत असतो. बांधणाऱ्याला गाठ मारून चहाला जाता येतं. माणसं कमी असलेल्या संस्थेत दोरी शिरते ती या सोयीसाठी. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना मी क्रूर म्हणत नाही. एका माणसाच्या भरवशावर रात्रभर तीस-चाळीस मुलं सोपवली की पंचा कामाला लागतो, आणि पंचा कामाला लागला की दुसऱ्या माणसाची मागणी कुणी करत नाही. तुम्ही बांधण्याबद्दल विचारलंत, पण दुखणं या एकट्या रात्रपाळीचं आहे.

कायद्याचं बघू. बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे, त्यावर महाराष्ट्राचे २०१८ चे नियम आहेत. संस्थेत मुलाला बांधायची परवानगी देणारं कलम मला आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. उलट बाजूची कलमं भरपूर आहेत. शिस्त लावण्यासाठी, सुधारण्यासाठी किंवा केल्याची शिक्षा म्हणून मुद्दाम वेदना देणं म्हणजे शारीरिक शिक्षा, अशी व्याख्या कायद्यातच दिली आहे. त्यामुळं ‘मारत नाही साहेब, वळण लावतो’ हा बचाव तिथंच संपतो. कलम ८२ प्रमाणं पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर १०,००० रुपये दंड, त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय नोकरी जाऊ शकते आणि पुढं मुलांसोबत थेट काम करायला बंदी येऊ शकते. त्याच कलमात एक पोटकलम आहे, ते तुमच्या वरिष्ठांनी वाचायला हवं. शारीरिक शिक्षेची तक्रार झाली आणि संस्थेच्या व्यवस्थापनानं चौकशीला सहकार्य केलं नाही, तर व्यवस्थापनाच्या प्रमुखाला किमान तीन वर्षं कैद आहे. म्हणजे गाठ मारणाऱ्यापेक्षा ती झाकणाऱ्याला जास्त. कलम ७५ क्रूरतेचं आहे: मुलांची काळजी घेण्याचं काम ज्यांच्याकडं सोपवलंय त्यांनीच क्रूर वागणूक दिली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

मग धरण्याला आधार कुठला? भारतीय न्याय संहितेत स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा अधिकार आहे. मुलगा काचेचा तुकडा घेऊन दुसऱ्या मुलावर धावला तर तुम्ही मध्ये पडून त्याचा हात धरू शकता. पण बचावाला लागेल तेवढंच बळ, आणि धोका संपला की अधिकारही संपला. काच खाली पडल्यावर घातलेली एकही चापट या अधिकारात येत नाही. जागेवरच्या माणसांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण काच खाली पडते तेव्हा आपलं रक्त उसळलेलं असतं.

बाहेरचे दंडकही याच वाटेनं जातात. स्वातंत्र्य काढून घेतलेल्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली नियम केले, त्यांना हवाना नियम म्हणतात. बाकी सगळे मार्ग संपले असतील, कायद्यात स्पष्ट परवानगी असेल, तरच आणि कमीत कमी वेळ बळाचा वापर करावा, त्यात मुलाची मानहानी होऊ नये, प्रमुखानं लगेच वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि वर कळवावं, असं ते सांगतात. बालहक्क करारावर आपण १९९२ साली मान्यतेची मोहोर उमटवली. त्या कराराच्या समितीनं २०१९ मध्ये आणखी स्पष्ट केलं की मुलानं ऐकावं म्हणून बळ वापरायचं नाही, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. ‘ऐकावं म्हणून’ हे लक्षात ठेवा. रात्रीच्या नोंदवहीतल्या बहुतेक झटापटी तिथूनच सुरू झालेल्या असतात: अंथरूण घडी कर, ताट उचल, नळ बंद कर.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो मात्र वेगळाच कायदा, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याच्या कलम ९५ नं मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. कलम ९७ प्रमाणं रुग्णाला जखडायचं झालं तर तात्काळ इजा टाळायचा तो एकमेव मार्ग असला पाहिजे, जबाबदार मानसोपचारतज्ज्ञांची मंजुरी हवी, कारण आणि वेळ नोंदवायला हवी, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून ते करता येत नाही. आता विचार करा. डॉक्टर, नर्स, ऑक्सिजन सगळं हाताशी असलेल्या रुग्णालयाला जे कर्मचारी कमी म्हणून करता येत नाही, ते तुम्हाला एका बल्बखाली, एका पंचानं कसं करता येईल? (तुमच्याकडच्या त्या मुलाला सिव्हिलमध्ये नेल्यावर तिथं पलंगाला बांधायची वेळ आलीच, तर कुणी ठरवलं आणि किती वेळासाठी ते विचारा, आणि त्याच्या उशाशी बसून राहा. दवाखान्यात पोचला म्हणजे आपली जबाबदारी संपली असं होत नाही.)

पोलिसांच्या बेड्यांचं उत्तर सोपं आहे. चालत नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आठव्या नियमात सरळ लिहिलंय की ताब्यात घेतलेल्या मुलाला बेड्या, साखळी किंवा कुठलंही बंधन घालायचं नाही, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. प्रौढांच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली प्रेमशंकर शुक्ला खटल्यात बेड्या सरसकट घालता येत नाहीत असं बजावलं होतं. आता काही पोलीस तुम्हाला सांगतील की नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नं बेड्यांना परवानगी दिलीय. दिलीय, काही गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींसाठी. मुलांना मात्र बाल न्याय कायदा लागतो, आणि ताब्यात घेणं, ठेवणं या बाबतींत तो इतर कायद्यांच्या वर चालतो हे त्याच्या पहिल्याच कलमात आहे. वाद घालत बसू नका. नियमाची झेरॉक्स सोबत ठेवा, आणि मुलगा बेडीत दिसला तर मंडळाच्या सदस्यांना तिथंच सांगा. ‘पळून गेला तर जबाबदार कोण?’ असं हमखास विचारलं जातं. मुलगा पळाला तर कलम २६ आहे: कुठलाही पोलीस अधिकारी त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत मंडळासमोर हजर करतो, आणि पळाल्याबद्दल मुलावर वेगळी कारवाई होत नाही. कायदा पळण्याला इतकं साधं मानतो, तर आपण त्यासाठी मनगटं कशाला सोलायची?

आता धरण्याबद्दल. ते लिहून शिकवता येत नाही. अधीक्षकांकडं प्रशिक्षणाची लेखी मागणी करा. पण काय करायचं नाही ते लिहून सांगता येतं, कारण ते जीव गमावलेल्या मुलांकडून शिकलं गेलंय. २००४ साली इंग्लंडमधल्या रेन्सब्रूक इथल्या बंदिस्त केंद्रात १५ वर्षांचा, जेमतेम एक्केचाळीस किलोचा मुलगा तीन मोठ्या माणसांनी बसलेल्या स्थितीत पुढं वाकवून धरला असताना गेला. सुरुवात टोस्टर साफ करायला नकार देण्यावरून झाली होती. मला श्वास घेता येत नाही, असं तो सांगत होता. ती पकड तेव्हा तिथल्या अधिकृत पद्धतींपैकी होती, हे विसरू नका. २०२० मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात १६ वर्षांच्या मुलानं जेवताना सँडविच फेकलं म्हणून त्याला जमिनीवर दाबून धरलं, आणि तोही गेला. दोन्हीकडं सुरुवात जेवणाखाण्यावरून झाली.

असं का होतं? श्वास घ्यायला छातीचा पिंजरा फुलावा लागतो आणि पोटाचा पडदा खाली सरकावा लागतो. पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवला, किंवा छाती मांड्यांवर दाबली, की दोन्ही अडतात. त्याच वेळी झटापटीमुळं शरीराला ऑक्सिजन नेहमीपेक्षा किती तरी जास्त लागत असतो. गुदमरणारा माणूस हातपाय झाडतो, तो आणखी उसळतोय असं धरणाऱ्याला वाटतं आणि पकड घट्ट होते. ‘बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे’ हे वाक्य मी अनेक कर्मचाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. दोन शब्द बोलण्याइतकी हवा असणं आणि जगायला पुरेल इतकी हवा असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पालथं कधीच पाडायचं नाही. मान, छाती, पोट, तोंड यांवर हात नाही. बोटं किंवा मनगट पिरगाळायचं नाही. दोघांनी दोन बाजूंनी कोपराच्या खालचा हात धरायचा, मुलगा उभा किंवा ताठ बसलेला. तिसरा माणूस काही धरत नाही, फक्त चेहरा, ओठ आणि श्वास बघतो, आणि ‘सोडा’ म्हणायचा अधिकार त्याच्याकडं. मुलाला दम्याचा, हृदयाचा किंवा फिटचा त्रास असेल तर सगळ्यांना आधीच माहीत हवा. मे महिन्यात पत्र्याखाली सोलापूरची दुपार कशी असते ते तुम्ही जाणता. अशा उकाड्यात मिनिटभराची झटापटही भारी पडते. आणि तुम्ही एकटे असाल तर? एकट्यानं धरायला जाऊच नका. तुम्हीही पडाल आणि तोही.

मग एकट्यानं करायचं काय. सगळ्यात आधी बघे हलवा. बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, त्यातल्या एखाद्या समजूतदार मुलाला त्यांच्यासोबत बसवा. पण त्या मुलाला पकडायला मुलांनाच लावायचं नाही, कधीच नाही. पुष्कळ ठिकाणी ‘मॉनिटर’ पोरांकडून हे काम करून घेतात, आणि अंधारात त्याचं काय होतं ते सकाळी कळतं. मग दिवा चालू ठेवून आवाज कमी करा, टीव्ही बंद. दार अडवून उभे राहू नका, हातभर नव्हे, चांगलं दोन हात लांब राहा, अंगावर काठी किंवा किल्ल्यांचा जुडगा दिसू देऊ नका. मुलगा तेलुगू बोलणारा आहे. ‘बस’ म्हणून चार वेळा ओरडण्यापेक्षा ‘कूर्चो’ एकदा हळू म्हणून बघा. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातलं कुणी तुमच्या ओळखीत नसेल असं होणार नाही, चार वाक्यं शिकून घ्या. जमलं तर त्याच्या आईला फोन लावून त्याच्या कानाला द्या. नियमात बसतं का म्हणून घाबरू नका, अधीक्षकांना कळवून करा.

डोकं आपटत असेल तर डोकं धरायला धावायचं नाही. गादी भिंतीला उभी करा. गादी नसेल तर आपल्या सोलापुरी चादरी चार-पाच पदरी घडी करून, दोन्ही हातांनी भिंतीशी धरायच्या. हात भिंतीवर, मुलाच्या अंगावर नाही. आपटणारा थोडा वेळ आपटतो, मग त्याला आवाज येत नाही, लागत नाही, आणि वेग उतरतो. बाजूला पाण्याचा तांब्या नको, प्लॅस्टिकचा पेला ठेवा. या अवस्थेत मी एका काळजीवाहकाला बऱ्याच वेळ चादर धरून उभा असलेला पाहिलाय. तो मधूनमधून फक्त ‘मी इथंच आहे’ एवढंच म्हणत होता. बाकी काही बोलायला त्याला सुचत नव्हतं, असं त्यानं नंतर सांगितलं.

हे प्रत्येक वेळी लागू पडतं असं मी म्हणणार नाही. मुलगा किती मोठा आहे, हातात काही आहे का, स्वतःला इजा करतोय की दुसऱ्याला, नशेत आहे की रागात, मदत दोन मिनिटांत येणार की वीस, यावर पुष्कळ काही ठरतं. विशीच्या आसपासचे तरुण ज्या ‘सुरक्षित स्थळी’ ठेवले जातात तिथली गोष्ट आणखी वेगळी. कर्मचाऱ्यांनाही लागतं, चावे बसतात, ताटाची कड कपाळाला लागून टाके पडतात. त्याची दखल कुणी घेत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण बांधून ही तक्रार सुटत नाही. बांधलेला मुलगा सुटल्यावर पहिला राग ज्यानं बांधलं त्याच्यावरच काढतो.

काही जण म्हणतात, बांधत नाही, फक्त खोलीत कोंडतो. अंधारी खोली, एकट्याला कोंडणं, जेवण कमी करणं, भेट बंद करणं, या सगळ्याला हवाना नियमांत नाव घेऊन मनाई आहे. आणि डोकं आपटणाऱ्या मुलाला बंद खोलीत एकटं सोडणं म्हणजे काय होऊ शकतं ते सांगायला नको. झोपेचं औषध देऊन गप्प पाडणं हाही बांधण्याचाच प्रकार आहे, फक्त गाठ दिसत नाही. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आजारासाठी. रात्र शांत जावी म्हणून नाही.

माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असेल तर तो वहीनं. झटापटीची नोंद सगळीकडं असते, ‘मुलगा हिंसक झाला, आवरला’ इतकीच. आम्ही त्यात एक रकाना वाढवला: आधीच्या तासाभरात काय झालं. काही महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं की बहुतेक गोंधळ तीन वेळांना होतात. मंडळाची तारीख पुढं गेली त्या दिवशी, दिवे गेले की, आणि भेटीच्या दिवशी ज्याला कुणी आलं नाही त्याच्या रात्री. तिसऱ्याचा शोध घेतला तर त्यातल्या बऱ्याच आया विड्या वळणाऱ्या. भेटीची वेळ होती सकाळची, आणि त्याच वेळी त्यांना वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या असत. कुंभारीच्या घरकुलातून यायचं, माल द्यायचा की पोराला भेटायचं? माल नाही दिला तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. आम्ही भेटीची वेळ दुपारनंतर नेली. त्यासाठी ना निधी लागला, ना वरची मंजुरी, आणि भेटीच्या रात्रीचे गोंधळ उतरले.

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण सोलापुरात राहून ती टाळता येत नाही. कुणाला बांधायचं आणि कुणाला समजवायचं हे ठरवताना आडनाव बघितलं जातं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, आपल्या शहरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. तरी आजही पारधी किंवा कैकाडी मुलगा आला की ‘याला सांभाळून’ हे वाक्य त्याच्या आधी कार्यालयात पोचतं. तुमच्या वहीत एकाच वस्तीतली नावं पुन्हा पुन्हा दिसत असतील तर तो मुलांचा दोष आहे की आपल्या नजरेचा, ते तपासा.

आता तुमची नोकरी. कंत्राटी आहे, म्हणून बोलायला भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. ती खोटी नाही. म्हणून आरोपाच्या भाषेत लिहू नका, नोंदीच्या भाषेत लिहा. अधीक्षकांना अर्ज: अमुक तारखेला रात्री इतक्या वाजता मुलाला अशी लक्षणं दिसली, वैद्यकीय तपासणी व्हावी, रात्रपाळीला दुसरा माणूस मिळावा, बांधण्याबाबत लेखी सूचना मिळाव्यात. शेवटची मागणी महत्त्वाची, कारण ‘बांधा’ असं सहीनिशी कुणी लिहून देत नाही. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडं ठेवा. मंडळानं महिन्यातून किमान एकदा संस्थेला भेट द्यायची असते, त्या दिवशी तुमची पाळी नसली तरी हजर राहा. मंडळातल्या दोन समाजकार्यकर्त्या सदस्यांशी बोलणं सोपं जातं. पुढं जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आहेत, आणि १०९८ तर मुलांसाठी कुणीही फिरवावा असाच क्रमांक आहे. मात्र आज रात्रीपासून तुमच्या हातून गाठ बसू देऊ नका, आणि सहकाऱ्यानं मारलेली दिसली तर सोडा. सोडल्याबद्दल तुमच्यावर कारवाई करायची तर आधी बांधलं होतं हे त्यांना कागदावर मान्य करावं लागेल.

मुलाच्या मनगटांवर वळ असतील, ते दवाखान्यात तपासणीच्या कागदावर येऊ द्या. झाकायला लांब बाह्यांचा शर्ट घालू नका. त्याची आई भेटीला आली की तिला ते दिसतीलच. तिला काय सांगायचं ते अधीक्षकांना आधी विचारून ठेवा, आणि ‘पडला म्हणून सांगा’ असं उत्तर आलं तर तेही तारीख टाकून वहीत लिहा.